कयाकवरून स्कूबा: वर कुणी नसताना खाली जायचं कसं

गोव्याजवळच्या ग्रँड आयलंडला होडीतून डाइव्हला जाता, तेव्हा एक गोष्ट सहसा लक्षातच येत नाही. तुम्ही खाली असताना वर कुणीतरी असतं. तांडेल इंजिनाशी बसून बुडबुडे कुठे चाललेत ते बघत असतो. दुसरी होडी फार जवळ आली तर ओरडून तिला लांब करतो, आणि तुम्ही भलतीकडेच वर आलात तर होडी घेऊन तुमच्यापर्यंत येतो. कयाकवरून डाइव्ह करताना हा माणूस नसतो. रिकामी कयाक वर डुलत राहते आणि तिने जागेवर राहावं अशी तुमची अपेक्षा असते. पुढे जे लिहिलंय, म्हणजे दोऱ्या, नांगर, झेंडा, पंचांग, ते सगळं या एका गोष्टीतून निघतं.

मग हा उपद्व्याप करायचाच कशाला? कारण गोव्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, विशेषतः काणकोण भागात, किनाऱ्यापासून दोनतीनशे मीटरवर असे खडक आहेत की तिथे डाइव्हची होडी जात नाही आणि अंगावर सगळं सामान चढवून पोहत जायचं तर तिथे पोचेपर्यंतच दम निघतो. अशा ठिकाणी कयाक हमालाचं काम करते. ती सामान वाहते, तुम्ही वल्हवता, खडकाशी पोचलात की थोडा श्वास घेता आणि मग उतरता. आधीच एक सांगून ठेवतो. अंदमानचे फोटो डोळ्यांसमोर ठेवून आलात तर निराश व्हाल. इथल्या पाण्यात चांगल्या दिवशी सातआठ मीटरपर्यंत दिसतं, वाईट दिवशी स्वतःच्या फिन्स दिसल्या तरी पुष्कळ. मला मात्र हे धूसर पाणी आवडतं. खडकाच्या कपारीतून वाम तोंड बाहेर काढते तेव्हा ती हाताच्या अंतरावर असते, लांबून दिसायची सोयच नाही.

आधी तुम्ही, मग कयाक

ओपन वॉटरचं, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या पायरीचं, प्रमाणपत्र नसेल तर हा लेख वाचा, पण सामान बांधू नका. "डिस्कव्हर स्कूबा" करून आलेल्यांसाठी हे नाही. तिथे प्रशिक्षक तुमचा खांदा धरून असतो. प्रमाणपत्र असलं तरी माझा आग्रह असा की गोव्याच्या किंवा मालवणच्या गढूळ पाण्यात होडीवरून निदान पंधरावीस डाइव्ह झालेल्या असाव्यात. न दिसणाऱ्या पाण्यात डोकं शांत ठेवायची सवय स्वच्छ पाण्यात लागत नाही. मी स्वतः तारकर्लीला शिकलो, आणि शिकताना ज्या पाण्याला शिव्या घातल्या त्याच पाण्याने पुढे कामाची सवय लावली.

दुसरं म्हणजे, कयाक आणि स्कूबा एकाच दिवशी शिकू नका. हे सगळ्यांनाच पटतं आणि कुणीच पाळत नाही. आधी दोन सकाळी फक्त कयाक घ्या. तिच्यावर बसा, मुद्दाम उलटवा, सरळ करा आणि पाण्यातून परत चढा. हे दहा वेळा करा. दमलेलं असताना, खोल पाण्यात, कुणाच्या मदतीशिवाय चढता येत नसेल तर पुढे जायचं नाही. त्यानंतरच्या सकाळी मास्क-फिन्स घेऊन त्याच खडकावर जा, नांगर टाका, स्नॉर्कल करा, परत या. सिलिंडरचा नंबर चौथ्यापाचव्या दिवशी.

एकट्याने जायचं नाही. जोडीदार हवाच, आणि पहिल्या काही वेळा तिसराही हवा. हा तिसरा खाली येत नाही, तो दुसऱ्या कयाकवर बसून राहतो. उन्हात तासभर बसायला कुणी तयार होत नाही हे मला माहीत आहे. माझा मावसभाऊ मासळीच्या थाळीवर तयार झाला, आणि हा सौदा मला अजूनही स्वस्त वाटतो.

कोणती कयाक

आत पाय घालून बसायची, अरुंद तोंडाची कयाक या कामाला निरुपयोगी. वर बसायची, म्हणजे सिट-ऑन-टॉप प्रकारची, सपाट आणि रुंद हवी. तिच्या बुडाला आरपार भोकं असतात, त्यांतून वर आलेलं पाणी आपोआप निघून जातं. लांबी साडेतीन ते साडेचार मीटर असावी आणि मागे सिलिंडर आडवा मावेल असा खळगा असावा.

वजनाचा हिशेब कागदावर करा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी मिळतो तो ११ लिटरचा ॲल्युमिनियम सिलिंडर भरलेला असताना सोळासतरा किलोंचा असतो. बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट) आणि रेग्युलेटर (सिलिंडरमधून श्वास घ्यायचं यंत्र) मिळून सहासात, वजनाचा पट्टा चारपाच, त्यात नांगर, दोरी, पाणी, फिन्स. म्हणजे तीस किलोंच्या पुढेच जातं. तुमचं वजन सत्तर धरलं तर शंभर झाले. कयाकची क्षमता याच्या दीडपट तरी असावी, कारण काठोकाठ भरलेली कयाक पाण्यात म्हशीसारखी बसते आणि लाटेवर वळत नाही.

पाळोळेला भाड्याने मिळतात त्या बऱ्याचशा दोघांच्या प्लास्टिकच्या कयाक असतात. एका माणसाने एक घ्यायची आणि मोकळ्या बैठकीत सामान बांधायचं, हे चालतं. पण कशासाठी नेतोय ते भाड्याने देणाऱ्याला आधी सांगा. काही जण सरळ नाही म्हणतात, आणि कयाक त्यांची असल्याने तो त्यांचा हक्क आहे. हवेच्या, फुगवायच्या कयाक या कामाला नकोत. आपल्या खडकांवर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांची धार ब्लेडसारखी असते.

कयाकच्या मागच्या टोकाशी एक बूच असतं, आत साचलेलं पाणी काढायला. दर वेळी निघण्याआधी ते बोटाने फिरवून बघा. सैल असेल तर आत पाणी शिरतं, बाहेरून काही कळत नाही, फक्त कयाक हळूहळू जड आणि लहरी होत जाते. वल्हवताना पोटातून डुबुकडुबुक आवाज आला तर मागे फिरा.

कुठे आणि कधी

शिकायला पाळोळेसारखा किनारा नाही. दीडेक किलोमीटरचा चंद्रकोरी किनारा, दोन्ही टोकांना खडकाळ भूशिरं, त्यामुळे आत लाट मवाळ येते. उत्तर टोकाला छोटं बेट आहे, तिथे ओहोटीला चालतही जाता येतं. त्याच्या आसपासचे आणि दक्षिणेकडच्या टोकाचे खडक सुरुवातीला पुरेसे आहेत. खोली कमी असते, आणि नवख्याला तीच हवी. अडचण एकच, डॉल्फिन आणि बटरफ्लाय बीच दाखवणाऱ्या होड्या दिवसभर ये-जा करतात. त्यांच्या वाटेत उतरायचं नाही. आदल्या दिवशी किनाऱ्यावर बसून त्यांची वाट कुठून जाते ते अर्धा तास नुसतं बघा, आणि जाऊन त्या होडीवाल्यांशी बोला. "उद्या सकाळी आम्ही त्या खडकापाशी खाली असू" एवढं सांगितलं की ते लक्षात ठेवतात.

आगोंदला लाट जास्त उभी फुटते आणि ओढही आहे, त्यामुळे नवख्यांनी टाळावं. शिवाय आगोंद आणि गालजीबाग ही कासवांची अंडी घालायची ठिकाणं आहेत. हिवाळ्यात तिथल्या वाळूवरून कयाक फरफटत नेणं योग्य नाही. बोगमाळ्यावरून ग्रँड आयलंड दिसतं आणि हात शिवशिवतात, पण ते अंतर कयाकचं नाही, आणि मुरगाव बंदरात ये-जा करणारी जहाजं काही आपल्यासाठी थांबत नाहीत. तिथे होडीनेच जा.

मोसम ऑक्टोबर अखेरपासून मेच्या मध्यापर्यंत. त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात विचारच करू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीही बंद असते आणि त्यानंतरही समुद्र लगेच निवळत नाही.

दिवसाची वेळ वाऱ्यावर ठरते. पहाटे आणि सकाळी जमिनीकडून मतलई वारा असतो, मंद, आणि पाणी तेलासारखं सपाट. दुपारच्या आधी खारा वारा सुरू होतो. मार्च-एप्रिलमध्ये तो वायव्येकडून चांगलाच जोर धरतो. म्हणून सूर्य उगवताना निघायचं आणि दहाच्या सुमारास वाळूवर परत. पाण्यावर जागोजाग पांढरा फेस दिसू लागला की बेत रद्द. मतलई वाऱ्याची एक खोड लक्षात ठेवा. तो तुम्हाला किनाऱ्यापासून लांब ढकलतो, त्यामुळे जाताना वल्हवणं सोपं जातं आणि तुम्ही उगाच लांब जाता.

आता भरती. आमच्या आजोबांचा आडाखा असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. हे मुंबई-रत्नागिरीकडे जास्त जमतं, गोव्यात भरती थोडी आधी येते. म्हणून आडाखा बेत ठरवायला वापरायचा आणि नेमकी वेळ मुरगावच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघायची. तो भारतीय सर्वेक्षण विभाग काढतो आणि फोनवरच्या ॲपमध्येही सापडतो.

भरती बघायची कारणं दोन. ओहोटीचं पाणी खाड्यांमधला गाळ घेऊन बाहेर पडतं, तर भरती समुद्राचं स्वच्छ पाणी आत आणते. म्हणून भरती पुरी होत येताना सगळ्यात चांगलं दिसतं. आणि भरती पुरी झाल्यावर पाणी काही वेळ थबकतं, तेव्हा प्रवाह नसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. पाणी दोनेक मीटर चढतं-उतरतं आणि ओढ वाढते. अष्टमी-नवमीच्या सुमाराला भांग असतो आणि पाणी सुस्त. दोन्ही जुळवलं की दशमी, एकादशी, द्वादशी हाती लागतात. भरती सकाळी आणि ओढ अजून बेताची. घरी एकादशीचा उपवास असला तरी मासे नुसते बघायला हरकत नाही.

दोऱ्या

या भागावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण माझी फजिती इथेच झाली.

तिसरीचौथी डाइव्ह होती. सहा मीटर पाणी, नांगराला नऊ मीटर दोरी, आणि समुद्र सपाट असल्याने मी निर्धास्त. भरती अजून चढत होती हे डोक्यातच आलं नाही. पाणी वाढलं, दोरी जवळजवळ उभी ताणली गेली, लाटेच्या प्रत्येक उसळीला नांगर तळावरून थोडा थोडा उचलला जाऊ लागला आणि शेवटी वाळूतून सुटला. आम्ही दोघं अर्ध्या तासाने वर आलो तर कयाक नाही. अर्ध्या नॉटचा प्रवाह म्हणजे ऐकायला काहीच नाही, पण मिनिटाला पंधरा मीटर, अर्ध्या तासात साडेचारशे. बीसीडी फुगवून, पाठीवर पडून, पाऊण तास पाय मारत आम्ही किनारा गाठला. कयाक एका रापणकाराने, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमाराने, आधीच धरून आणली होती. तो वाळूवर तिच्याशेजारी उभा राहून जो येईल त्याला एकच विचारत होता, "मनीस खंय?" (माणूस कुठे?) रिकामी कयाक, तिच्यावर चपला आणि पाण्याची बाटली. त्याच्या तोंडावर जी काळजी होती ती बघून मला जास्त लाज वाटली. तो मला काही बोलला नाही. नांगराची दोरी हातात घेतली, दोन हातांत ताणून लांबी दाखवली आणि मान हलवली.

तेव्हापासूनचा नियम: दोरी खोलीच्या तिप्पट, वारा असेल तर पाचपट, आणि खोली म्हणजे भरतीची खोली. आठ मीटरला चाळीस मीटर दोरी बरोबर ठेवा. कयाकला दीड किलोचा, चार पाकळ्यांचा घडीचा नांगर पुरतो, पण त्याच्यापुढे एक-दोन मीटर साखळी हवीच. साखळीच्या वजनाने नांगराची दांडी तळाशी आडवी राहते. दोरी आडवी ओढली गेली तर पाकळ्या वाळूत रुततात, उभी ओढली गेली तर उपटतात. सगळं गणित एवढंच आहे.

नांगर नेहमी कयाकच्या नाकाला बांधायचा. बाजूला बांधला तर प्रवाह कयाकला आडवं करतो आणि पहिल्या बऱ्या लाटेला ती उलटते. तुम्ही मध्ये बसलेले असता, नाकापर्यंत हात पोचत नाही, म्हणून नाकाशी एक कडी लावून तिच्यातून दोरी ओवून घ्या. नांगर मांडीवरून सोडायचा आणि दोरी नाकाकडे सरकवायची.

दुसरी दोरी वल्ह्याची. हातभर पुरे, एक टोक वल्ह्याला, एक कयाकला. वल्हं गेलं की कयाक म्हणजे नुसता ओंडका.

तिसरी दोरी सामानाची. कयाकच्या मध्यावर दोन-तीन मीटरची दोरी बांधा, तिच्या दुसऱ्या टोकाला पितळी किंवा स्टीलचा मोठा हुक. पाण्यात जाणारी प्रत्येक गोष्ट आधी या हुकात अडकवायची, मग सोडायची. हुक बांधून मग हात सोडा, असं स्वतःशी पुटपुटत राहा. मी अजूनही पुटपुटतो. माझ्या जोडीदाराचा वजनाचा पट्टा पाळोळेच्या वाळूत कुठेतरी आहे.

किनाऱ्यावरची बांधाबांध

सगळं वाळूवर जोडायचं, पाण्यात गेल्यावर काहीही जोडायचं नाही. सिलिंडरला बीसीडी लावा, रेग्युलेटर बसवा, झडप उघडा, दाब बघा. मग रेग्युलेटरमधून चारपाच मोठे श्वास घ्या आणि घेताना डोळे काट्यावर ठेवा. काटा प्रत्येक श्वासाला थरथरून खाली जात असेल तर झडप पुरती उघडलेली नाही. हे सगळ्यांना शिकवलेलं असतं, पण लाटेवर डोलताना कुणाला आठवत नाही. म्हणून वाळूवरच.

सिलिंडर मागच्या खळग्यात आडवा, दोन पट्ट्यांनी घट्ट. रेग्युलेटरचं तोंड बीसीडीच्या आत खोचा, वाळू जाऊ देऊ नका. वजनाचा पट्टा तुमच्या पायांमध्ये, अगदी खाली. जड वस्तू जितक्या खाली आणि मध्याजवळ, तितकी कयाक स्थिर. मास्क आणि फिन्सही अडकवलेल्या हव्यात, नुसत्या ठेवलेल्या नकोत. मागे झेंड्याची काठी.

झेंड्याबद्दल: लाल कापडावर पांढरा तिरपा पट्टा म्हणजे खाली डाइव्हर आहे, आणि पांढरा-निळा, टोकाला दुभंगलेला म्हणजे तेच, जहाजांच्या भाषेत. दोन्ही लावा. पण झेंडा लावला म्हणजे सगळ्यांना कळलं असं समजू नका. मला एकाने विचारलं होतं, कुठल्या पक्षाचा? म्हणून आदल्या दिवशी होडीवाल्यांशी बोला म्हणालो ते खरं काम करतं.

आणि निघण्याआधी दोन माणसांना सांगा. एक किनाऱ्यावरचा जीवरक्षक: किती जण, कुठल्या खडकापाशी, किती वाजता परत. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधली जागा पोहणाऱ्यांची असते, तिथून कयाक ढकलायची नाही. लाल झेंडा असेल तर घरी. दुसरा तुमचा कुणीतरी, जो ठरलेल्या वेळेनंतर अर्धा तास वाट बघून ११२ ला फोन लावेल. सकाळी रापण ओढणं चालू असेल तर जाळ्याचे दोन्ही दोर कुठे जातात ते बघा आणि बाहेरून वळसा घाला. त्यांची रोजी आहे, आपली हौस.

खडकाशी पोचल्यावर

घाई करू नका. भरलेली कयाक तासाला चार किलोमीटरने जाते, त्यामुळे तीनशे मीटरला पाच मिनिटं, पण पोचल्यावर नाडी धडधडत असते. तशीच डाइव्ह सुरू केली तर हवा भराभर संपते. नांगर टाका, पाणी प्या, दहा मिनिटं बसा.

ती दहा मिनिटं वाया जात नाहीत. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरा, जवळचा एक माड आणि त्याच्यामागचा एखादा पांढरा क्रूस किंवा छप्पर. बाजूच्या दिशेलाही अशीच एक जोडी. दहा मिनिटांत माड क्रूसावरून सरकला नाही तर नांगर धरलाय. सरकला तर उचला आणि परत टाका. कोकणातले मच्छीमार पिढ्यान् पिढ्या अशाच खुणांवर जागा शोधतात, आणि माझ्या घड्याळातल्या जीपीएसपेक्षा मला याचा जास्त भरवसा वाटतो. नांगर वाळूत टाकायचा, खडकावर नाही. प्रवाळ नांगराने मोडतं, शिवाय ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

आता उतरणं. बीसीडी पूर्ण फुगवा. हुक अडकवा. पट्टे सोडून सिलिंडर बाजूने पाण्यात सरकवा, तो तरंगेल. कयाकवर बसूनच मास्क आणि फिन्स घाला. दोन्ही पाय एका बाजूला घ्या आणि घसरून उतरा. त्याच वेळी जोडीदाराने दुसऱ्या बाजूने कयाक धरावी, नाहीतर ती तुमच्यावर कलंडेल. पाण्यात बीसीडीकडे पाठ करा, तिच्यावर बसल्यासारखं करून हात पट्ट्यांत घाला आणि मागे रेला. पट्टे आवळा. वजनाचा पट्टा सगळ्यात शेवटी, हुकातून काढून थेट कमरेला. पहिल्यांदा हे सगळं करायला मला वीस मिनिटं लागली आणि तोंडात भरपूर खारं पाणी गेलं. आता चार लागतात. म्हणूनच आधी कमरेएवढ्या पाण्यात तीनचार वेळा सराव करा, जिथे चुकलात तर उभं राहता येतं.

दोन कयाक असतील तर नांगर एकच, दुसरी पहिलीच्या शेपटाला बांधायची.

खाली

नांगराच्या दोरीनेच उतरा. तळाशी पोचल्यावर पहिलं काम म्हणजे नांगर हाताने बघणं. पाकळ्या रुतल्यात का, साखळी आडवी आहे का, दोरी खडकाच्या धारेवर घासतेय का. वाटलं तर हाताने वाळूत खुपसा. माझ्या मते अख्ख्या डाइव्हमधली ही तीस सेकंदं सगळ्यात महत्त्वाची.

गढूळ पाण्यात नांगर परत सापडणं हा खरा प्रश्न. होडीच्या डाइव्हमध्ये कुठेही वर आलात तरी चालतं, इथे नाही. म्हणून मी रीळ वापरतो. दोरीचं टोक साखळीला बांधायचं आणि रीळ सोडत सोडत जायचं, वीसपंचवीस मीटरपलीकडे नाही. खडकाची एक बाजू नीट बघायला तेवढं पुरतं. दोरी सैल सोडू नका, नाहीतर तीच पायात गुंतते. कापायचं छोटं हत्यार छातीजवळ हवंच, रीळसाठी आणि खडकात अडकलेल्या जुन्या जाळ्यांसाठीही. ही जाळी धूसर पाण्यात दिसतच नाहीत, आधी ओढ लागते. तसं झालं तर मागे सरकायचं, गरगर फिरायचं नाही.

सुरुवात प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने करा, म्हणजे परतताना पाणी मदत करेल. सिलिंडरमध्ये २०० बार दाब घेऊन निघालात तर १२० ला वळा. नांगराशी परत आलात की निदान ८० हवेत, आणि कयाकशी वर पोचलात तेव्हा ५० शिल्लक. पहिली डाइव्ह पंचवीस मिनिटांची ठेवा, हवा उरली तरी. हात कशाला लावू नका. दगडमासा खरोखर दगडासारखा दिसतो, आणि काळे काटेरी सी अर्चिन ग्लोव्हज् मानत नाहीत. वाळूवर पाकट पडलेलं असतं, त्यामुळे तळावर गुडघे टेकतानाही आधी बघा.

नांगर सापडला नाही तर एक मिनिट शोधा, जास्त नाही. मग एसएमबी, म्हणजे तो लांबट नारंगी फुगा, वर सोडा आणि त्याच्या दोरीने सावकाश वर या. मिनिटाला ९ मीटरपेक्षा वेगाने नाही. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं ते उथळ डाइव्हलाही सोडू नका. ॲल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा होत आला की दीड-दोन किलोंनी वर ओढतो, म्हणून वजन मोजताना हा शेवट धरून मोजायचं, नाहीतर पाच मीटरवर थांबताच येत नाही.

वर आल्यावर कयाक दिसली नाही तर? बीसीडी फुगवा, जोडीदाराला धरा, शिट्टी वाजवा, फुगा उभा धरा. कयाक लांब जाताना दिसत असेल आणि ती पन्नास मीटरवर असेल तर एकदा प्रयत्न करा. त्यापलीकडे गेली असेल तर विसरा. वारा तिला तुमच्यापेक्षा वेगाने नेतो. किनाऱ्याकडे निघा.

कयाकवर परत

उलट्या क्रमाने. कयाकशी येऊन एक हात पट्टीवर. बीसीडी फुगवा. वजनाचा पट्टा काढा, हुकात अडकवा. मग बीसीडी काढा, हुकात. फिन्स पायातच ठेवा, हीच चूक सगळे करतात. त्यांच्या जोरावरच चढायचं असतं. दोन्ही हात कयाकवर, पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर आणा, जोरात मारा आणि पोटावर आडवे पडा. मग कुशीवर वळून बूड बैठकीत टाका, पाय शेवटी. दिसायला ते मुळीच देखणं नसतं, सील खडकावर चढतो तसं. बसल्यावर वजनाचा पट्टा आधी ओढून पायांमध्ये, मग सिलिंडर. सिलिंडर एकट्याने उचलताना कयाक कलते, म्हणून उलट बाजूला झुका. जमलं नाही तर तसाच मागे ओढत न्या, तरंगतोय तो.

नांगर निघत नसेल तर ताकद लावू नका. कयाक नांगराच्या बरोबर वर आणा आणि दुसऱ्या बाजूने ओढा. तरी नाही निघाला तर दोरी कापा. नांगरासाठी परत खाली जायचं नाही.

लाटेतून वाळूवर

पाळोळेला लाट गुडघ्याएवढी असली तरी भरलेल्या कयाकला ती पुरते. फुटणाऱ्या लाटांच्या बाहेर थांबा, सगळं बांधलेलं आहे का परत बघा. लाटा गटाने येतात. मोठा गट जाऊ द्या आणि शेवटच्या लाटेच्या पाठीवरून, तिच्या मागोमाग, जोरात वल्हवत या. लाटेच्या पुढे धावायला जाऊ नका. कयाक आडवी होऊ लागली तर लाटेच्या बाजूला झुका, किनाऱ्याच्या बाजूला नाही.

उतरताना समुद्राकडच्या बाजूने उतरा. कयाक आणि किनारा यांच्या मध्ये कधीही उभं राहू नका. पुढची लाट तीस किलोंची भर असलेली कयाक तुमच्या गुडघ्यावर आणून आदळते. लगेच सिलिंडर खांद्यावर टाकून धावपळही करू नका, डाइव्हनंतर जड उचलाउचल टाळलेली बरी. दोघांनी कयाकच ओढून वर घ्या, सावलीत बसा, पाणी प्या. मी सोलकढी घेतो. आणि दुपारचं विमान असेल तर ही डाइव्ह करायलाच नको होती. एका डाइव्हनंतर निदान १२ तास, जास्त डाइव्ह असतील तर १८ तास विमानात बसू नये. पर्यटक शेवटच्या सकाळी हेच करतात.

सांगितलेल्या दोघांना परत आल्याचं कळवा, जीवरक्षकालाही. मग सामान गोड्या पाण्यात. रेग्युलेटर, बीसीडीच्या आतलं पाणी, हुक, कयाकचं बूच. नांगराची दोरी सगळ्यात शेवटी, बादलीत बुडवून, हातभर हातभर बोटांतून सरकवत. कुठे धागा तुटलेला असेल तर डोळ्यांआधी बोटांना कळतं. तेवढा तुकडा कापून टाकायचा आणि उरलेली दोरी मोजून ठेवायची.